ठसा ज्याचा त्याने पुसायचा

१२ नोव्हेंबर

आज कामावर रुजू झाले. निवृत्तीनंतर घरी बसून लोकांच्या सुनांची गाऱ्हाणी ऐकायची नव्हती, म्हणून ही जागा मागून घेतली. जंगलाच्या तोंडाशी दोन खोल्यांची चौकी, पुढे पडवी, मागे स्वयंपाकघर आणि त्याचं दार. डोंगरावर जाणाऱ्यांना थांबवायचं, तयारी तपासायची, मगच सोडायचं. पाणी पुरेसं आहे का, विजेरी, शिट्टी, कुठल्या वाटेने जाणार, घरी कोणाला सांगून आलात. आयुष्यभर भूगोल शिकवला. उनाड पोरं आणि हौशी भटके यांत मला फारसा फरक दिसत नाही. पहिल्याच दिवशी चपला घालून आलेल्या एका गृहस्थांना परत पाठवलं. ते तणतणले. त्यांच्या बायकोने मात्र माझे आभार मानले. म्हणाली, माझं मेलं कधी ऐकत नाहीत.

इथली एक पद्धत मला फार पटली. पडवीत लाकडी पेटीत ओली चिकणमाती भरलेली असते. जाणाऱ्याने तीत दोन्ही बुटांचा ठसा उमटवून जायचं. कोणी हरवलं तर शोधपथकाला कळतं, वाटेवर कुठला ठसा शोधायचा. परत आल्यावर ठसा ज्याचा त्याने आपल्या हाताने पुसायचा. माती गुळगुळीत, म्हणजे सगळे परतले. सुटसुटीत आणि स्वच्छ.

१३ नोव्हेंबर

आधीच्या प्रमुखाने किल्ल्या दिल्या. सैन्यातून निवृत्त झालेला, भरघोस मिशांचा माणूस, पण घाई अशी की चहालाही थांबेना. पेटीच्या एका कोपऱ्यावर त्याने फळी ठोकली आहे. खाली एक जुना, वाळून दगड झालेला ठसा. फार वर्षांपूर्वी एक बाई एकटीच वर गेली, ती आलीच नाही. तो ठसा पुसू नका, असं त्याने दोनदा बजावलं.

फळी उचकटून पाहिली. ठसा विचित्र आहे. डावा बूट उजवीकडे, उजवा डावीकडे. ती गेली तेव्हा ठसा सरळ होता, नंतर असा झाला, असं तो म्हणाला. मी म्हटलं, तुम्ही आता घरी जाऊन आराम करा.

१६ नोव्हेंबर

रविवारी भाची येणार. धाकट्या बहिणीची लेक. बहीण गेल्यापासून ती माझीच. तिला चौकी नीटनेटकी दिसावी म्हणून सकाळीच कंबर कसली. कोपऱ्यातल्या मातीवर पाणी ओतलं, चांगली मळली आणि तो ठसा पुसून टाकला. पेटीचा अख्खा कोपरा एका ठशासाठी अडवून ठेवायचा म्हणजे कमाल झाली.

१७ नोव्हेंबर

सकाळी पडवीत चिखलाची पावलं. जंगलाकडून दारापर्यंत. डावं उजवीकडे, उजवं डावीकडे. कोणीतरी बूट उलटे घालून म्हातारीची गंमत केली आहे. फिनेलने पुसून काढली.

परत जाणारी पावलं नव्हती, हे पुसून झाल्यावर लक्षात आलं.

१८ नोव्हेंबर

टेबलाची खुर्ची मागे ओढलेली. खाली ओला चिखल. किल्ली माझ्याच कमरेला.

दिवसभर एकच विचार. ठसा पुसला म्हणजे माणूस परतला, हा इथला नियम. ज्याचा त्याने पुसायचा. तो मी पुसला. मग मी कोणाला घरात घेतलं?

१९ नोव्हेंबर, सकाळ

भाची आली. तिला काही सांगितलं नाही. सामान मात्र दोनदा तपासलं. ती हसत सुटली. म्हणाली, मावशी, तू संडासालाही नकाशा घेऊन जात असशील. वाट ठरवली, परतायची वेळ ठरवली. अडचण आली तर तीन लांब शिट्ट्या. जाऊ द्यावं की नाही, क्षणभर घुटमळले. पण जे काही आहे ते घरात आहे. बाहेर ती जास्त सुरक्षित.

मी नको म्हणेपर्यंत तिने त्याच कोपऱ्यात पाय रोवले. ठसा सरळ उमटला. डाव्या बुटाचं नाक तिच्या कुत्र्याने कुरतडलंय, तेही स्पष्ट दिसतंय. परत आल्यावर स्वतः पुसायचा, असं बजावलं. हो गं बाई, म्हणाली आणि गेली.

दुपार

धुकं उतरलं. पडवीच्या पायऱ्याही दिसत नाहीत. तिची वेळ टळून गेली. शोधपथकाला फोन केला. धुकं विरल्याशिवाय निघता येणार नाही म्हणाले. असल्या धुक्यात मीही कोणाला सोडलं नसतं.

ठसा पाहून आले. तो फिरतो आहे. डावा मधोमध सरकलाय —

थोड्या वेळाने

दारावर थाप. आवाज तिचाच. मावशी, आले मी, हात चिखलाने भरलेत, तूच पूस ना ठसा.

हात चिखलाने भरलेत तर मातीला हात लावायला कसली अडचण?

कडी काढली नाही. जमिनीवर आडवी होऊन फटीतून पाहिलं. बूट तिचेच. कुरतडलेलं नाक. पण समोर उभ्या माणसाचा डावा पाय माझ्या उजव्या हाताला हवा. तो डाव्या हाताला आहे —

आणि आता, लांबून, वरून — शिट्टी. तीन. लांब.

ती वरच आहे. जिवंत आहे.

दारावरचा आवाज म्हणतो, पूस ना गं.

पुन्हा शिट्टी. बारीक होत चालली.

मागच्या दाराने जाते. पाणी, विजेरी, दोर, शिट्टी घेतली. फोन आता लागत नाही, सांगून जायला कोणी नाही, म्हणून इथे लिहिते. वाट ओढ्याची, मग खिंड. एकटी. पेटीपाशी जाता येत नाही. बुटांना शाई फासून शेजारच्या पानावर ठसा दिला आहे.

हे जो वाचेल त्याने पोरीचा ठसा पुसू नये. माझ्या ठशाचं पानही फाडू नये. मी स्वतः दारात येऊन सांगितलं, हाका मारल्या, रडले, तरी नाही. आधी माझे पाय बघा. डावा जर