दसऱ्यापासून एकच चॅनल

सोम. ६ ऑक्टो.
लकव्याला आज नऊ आठवडे. बी.पी. सकाळी १४०/९०. ह्यांनी अर्धी वाटी सांजा खाल्ला, उरलेला ठेवून दिला.

कमलताई देऊळघाटला परत गेल्या. दसऱ्याला आल्या, चार दिवस राहिल्या, मदत झाली. निघताना टीव्हीकडे हात करून म्हणाल्या, "वहिनी, दादानं जन्मात देवळाची पायरी नाही चढली. आता पाहा बाप्पा, दिवसभर भजन ऐकून राह्यला. दुखण्यानं का होईना, देवाकडे वळला." हे समोर खुर्चीत. बोलता येत नाही म्हणून त्यांच्यादेखत त्यांच्याबद्दल कोणीही काहीही बोलतं.

खरं आहे पण. दसऱ्यापासून तेच चॅनल. कबड्डी नाही, बातम्या नाहीत, सोयाबीनचे भावसुद्धा नाहीत. उजवा अंगठा रिमोटवर नुसता थरथरतो. डॉक्टरांना सांगायचं.

मंगळ. ७
चिखलीचे फिजिओथेरपीचे डॉक्टर आले. थरथरीचं सांगितलं. बोटं ओढून पाहिली. म्हणाले, "काकू, व्यायामात हे चालढकल करतात. रिमोट मात्र मनापासून दाबायचे. तो सोडू देऊ नका. अंगठा वापरात राहिला तर हात येईल, नाहीतर असाच राहील."

डॉक्टर गेल्यावर ह्यांना रागावले. डाव्या हाताने रिमोट धरू देत नाही, तो नियम माझाच. म्हटलं, "भजनं पुरे झाली. आळस करू नका. चॅनल बदला." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. अंगठा दोनदा खाली गेला. म्हटलं, "नीट दाबा. जोर लावा." मग त्यांनी डाव्या हाताने रिमोट मांडीवरून ढकलून दिला.

उचलला. बातम्या लावाव्या म्हणून मीच दाबला. चॅनल बदललं नाही. जवळ जाऊन दाबला. आवाजाचं बटण दाबलं. काही नाही.

भजन चालूच. टीव्ही बंद केला. स्वयंपाक केला.

बुध. ८
नवे सेल घातले. फरक नाही. मोबाइलचा कॅमेरा रिमोटच्या टोकासमोर धरून बटण दाबलं. पडद्यावर जांभळट दिवा लागतो. इन्फ्रारेड डोळ्यांना दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतं. माझ्या बी.एस्सी.चं एवढंच शिल्लक. म्हणजे रिमोट चांगला. फळीवरच्या केबलच्या बॉक्सची पिन काढून पंधरा मिनिटांनी लावली. तेच चॅनल.

ह्यांच्या अंगठ्याखाली रिमोट ठेवून कॅमेऱ्यात पाहायचं होतं. थरथर की दाबणं, ते कळलं असतं. त्यांनी डाव्या हाताने उजवा हात उचलला आणि पोटाशी घेतला.

सोमवारच्या पानावर मी 'थरथरतो' लिहिलं आहे. खोडलं नाही.

गुरु. ९
केबलवाला इंगळे आला. ह्यांच्या वर्गातला. आल्या आल्या ह्यांना, "काय बे, महाराज झाला म्हणे तू? गावात चर्चा हाये. आम्ही पाया पडाले यायचं का आता?" एरवी हे हसले असते, तोंडाची एक बाजू हलते तेवढी. आज मान फिरवली.

त्याने स्वतःचा रिमोट लावून पाहिला. नाही. "वहिनी, बॉक्सच गेला. काढून ठेवा, उद्या दुसरा आणतो. कधीपासून असं?"
"दसऱ्यापासून."
"अन् आठवडाभरानं सांगून राह्यल्या? काऊन?"
म्हटलं, मला वाटलं ह्यांनाच बदलायचं नाही. इंगळेने रिमोट पिशवीत टाकला. चहा घेतला, गेला.

शुक्र. १०
बॉक्स परत द्यायचा म्हणून वरच्या फळीवरून काढला. मळकी वस्तू परत देत नाही. ओलं फडकं फिरवलं. समोरच्या काळ्या पट्टीवर हळदकुंकवाचं बोट. जाड, वाळून कडक झालेलं, त्यात अक्षतेचा तांदूळ चिकटलेला. रिमोटचा किरण घेणारी काच नेमकी तिथेच.

दसऱ्याला कमलताईंनी मिक्सर, इस्त्री, फ्रिज, मोटरपंप, सगळ्यांची पूजा केली. पूजेआधी टीव्हीवर भजनाचं चॅनल लावलं तेही त्यांनीच. मी ताट धरून मागे. दुसऱ्या दिवशी फ्रिज आणि मिक्सर पुसले. फळीवरचा बॉक्स राहिला. काल इंगळेनेही खालूनच पाहिलं.

फडक्याने निघेना, नखाने खरवडलं. बॉक्स जोडला. रिमोट चालतो.

ह्यांना सांगितलं, "तुम्ही दाबत होता. बॉक्सला पोचत नव्हतं." दोनदा सांगितलं. रिमोट अंगठ्याखाली ठेवला. दाबला नाही.

इंगळेला फोन केला, दुसरा बॉक्स नको.

शनि. ११
कबड्डी मीच लावून दिली. डोळे मिटून घेतले. झोप नव्हती, पापण्या हलत होत्या.

कमलताईंचा फोन. "दादा भजन ऐकून राह्यला न?" म्हटलं, हो. कुंकवाचं सांगितलं नाही. ताट माझ्या हातात होतं.

रवि. १२
रिमोट दिला सकाळी, जेवणानंतर, चहानंतर. नाही. शेवटी म्हटलं, डाव्या हाताने दाबा, चालेल. तरी नाही. मी जे लावते ते बघतात. काही नाही लावलं तर काळा पडदा बघतात.

माफी मागावी असं वाटलं. कपडे घड्या करायचे होते ते केले.

सोम. १३
डॉक्टर. पुन्हा सगळी तपासणी. बाहेर ओसरीत येऊन म्हणाले, "स्नायूत जीव आहे, काकू. पण असाच पडून राहिला तर आखडेल, मग माझ्या हातात नाही. मन का काढून घेतलं त्यांनी? काही झालं का घरात?"
म्हटलं, टीव्ही बिघडला होता.
"मग दुरुस्त झाला ना?"
"झाला."
विचारलं, मागच्या मंगळवारी मी थरथर सांगितली होती, ती काय असेल? म्हणाले, "ते तुम्ही पाहिलं, मी नाही." बरोबर आहे. मी पाहिलं होतं. चार दिवस, समोर बसून.

मंगळ. १४, दुपार
मी समोर उभी असले की ते दाबणार नाहीत, एवढं लक्षात आलं आहे. वर्गात उत्तर येत असूनही न देणारी मुलं असतात, तसं. आज काही बोलले नाही. तेच भजनाचं चॅनल लावलं, आवाज भरपूर वाढवला, रिमोट उजव्या अंगठ्याखाली ठेवला आणि स्वयंपाकघरात आले. दार ओढून घेतलं. हे ओट्यावर वही ठेवून लिहिते आहे. मागच्या वावरात सोयाबीनची मळणी चालू, ट्रॅक्टरचा आवाज इतका की त्यातून भजन तेवढं कसंबसं ऐकू येतं. वीस मिनिटं झाली. दुधाला विरजण लावलं. तूर निवडायची आहे, संध्याकाळी

भजन थांबलं.

लाइट गेली असेल. या वेळेला जाते. ट्रॅक्टरपुढे फ्रिजचा आवाज कळत नाही. त्याचं दार उघडून पाहिलं की आतला दिवा सांगेल, लाइट गेली की चॅनल बदललं. फ्रिज दोन पावलांवर आहे.

अजून उठले नाही.