गाडी येत नाही तेव्हाच्या घोषणा

तीर्थरूप दादा यांना,

धाकट्या बहिणीचा नमस्कार. (वाकून करायचा होता, पण वाकल्यावर पुन्हा सरळ व्हायला हल्ली फार वेळ जातो, तेव्हा मनाने वाकले आहे असं समजा.) तुम्ही आणि वहिनी बरे असाल, चष्म्याची मोडकी काडी एकदाची बसवून घेतली असेल आणि गॅलरीतल्या कुंड्यांत पाण्याऐवजी चहा ओतण्याचा तुमचा प्रयोग वहिनींनी बंद पाडला असेल, अशी आशा आहे. या पत्रात माझी एक विनंती आहे. ती मुद्दाम शेवटी ठेवली आहे, कारण आधी विनंती दिसली की तुम्ही पत्राची घडी घालून उशीखाली सारता, आणि मग ते गादी उन्हात घालायच्या दिवशीच बाहेर येतं.

मी फोनवर कमी का बोलते, असं वहिनी विचारत होत्या. कारण लाज वाटते. बसस्थानकात काचेमागे बसून गाड्या पुकारणाऱ्या बाईचा आवाज गेला, तर तिच्याकडे उरतं काय? प्रवाशांनी इकडे लक्ष द्यावे, हे वाक्य मी आयुष्यात इतक्या वेळा म्हटलं आहे की घरी मीठ मागतानासुद्धा तेच तोंडात येतं. आणि तोच आवाज गेल्या वर्षभरात एकेक पायरी उतरत तळघरात जाऊन बसला. रोज सकाळच्या गाडीने जाणारे एक पेन्शनर गृहस्थ आहेत. त्यांनी साहेबांकडे रीतसर तक्रार केली की जुन्या बाईंना परत आणा, हा जो नवीन माणूस बसवला आहे तो प्रवाशांना दम देतो. शिवाय मी मंद झाले. गाडी फलाटाला लागायची, माणसं चढायची, वाहक घंटी मारायचा, गाडी फाटकाबाहेर पडायची, आणि मी आपली तिचा फलाट क्रमांक सांगतेच आहे!

आता तुम्ही म्हणाल, अगं मग इतके दिवस गप्प का बसलीस? तर दादा, गंमत इथेच आहे. हे दुखणं एकदम दार ठोठावून येत नाही. ते थोडं थोडं सामान आणून ठेवतं, आणि प्रत्येक नगाला घरात आधीच कुणीतरी कारण तयार ठेवलेलं असतं. वजन वाढलं, तर आमचे हे म्हणाले, बसून काम आहे ना तुझं. केस गळायला लागले, तर सासूबाईंनी साबणाला दोष दिला. (साबण बदलला. केसांनी दखल घेतली नाही.) टाचांना भेगा पडल्या त्या चपलांमुळे, पोट साफ होईना ते पाणी कमी पिते म्हणून, सकाळी तोंड सुजलेलं दिसतं ते जास्त झोपते म्हणून, आणि जास्त झोपते ती मुळात आळशी म्हणून. सगळे पंख्याखाली घाम पुसत असताना मी स्वेटर घालून बसले की शेजारीपाजारी समजायचे, नवीन दिसतोय, मिरवतेय. गॅसवर दूध ठेवून मी स्वयंपाकघरात कशाला आले होते याचा विचार करत उभी राहायचे, आणि दूध माझ्यासमोर उतू जायचं. एकेक गोष्ट क्षुल्लक, सगळ्यांची एकत्र मोट कुणी बांधलीच नाही. मीसुद्धा नाही.

मग तो घोरण्याचा प्रकार झाला. (वहिनींनी तुम्हाला सांगितला नसेल तर माझ्याकडूनच ऐका, बाहेरून ऐकाल तर मीठमसाला लावलेला मिळेल.) दुपारची वेळ, दोन गाड्यांच्या मध्ये जरा उसंत. मी घोषणा संपवली आणि माईकचं बटण बंद करायच्या आत माझी मान खाली गेली. पुढचं मला लोकांनी सांगितलं. सगळ्या स्थानकभर, उपाहारगृहात, स्वच्छतागृहात, पार मागच्या कार्यशाळेपर्यंत, कर्ण्यांतून एक खर्जातली घरघर सुरू झाली. प्रवाशांना वाटलं गाडी लागली, ते बोचकी उचलून उभे राहिले. एका चालकाने तर खाली उतरून स्वतःच्या गाडीचं बॉनेट उघडलं आणि इंजिन बंद असूनही आवाज कुठून येतोय म्हणून डोकं खाजवत राहिला. शेवटी साहेब स्वतः धावत आले आणि त्यांनी बटण बंद केलं. भला माणूस, ओरडले नाहीत. पण म्हणाले, बाई, आधी तब्येत दाखवा, नाहीतर मला तुम्हाला पार्सलखोलीत बसवावं लागेल. पार्सलखोलीत दिवसभर कुणाशी बोलायचं नसतं, दादा. खोक्यांवर चिठ्ठ्या डकवायच्या असतात. मी घरी येऊन मोरीत नळ सोडून रडले.

रक्त तपासलं. कागद आला. आणि तो डॉक्टरांकडे न्यायच्या ऐवजी आम्ही काय केलं? आपल्या घराण्याची जी रीत आहे तीच पाळली, फोटो काढून तुमच्याकडे पाठवला. आपल्याकडे कोणताही छापील आकडा आधी दादांच्या नजरेखालून जातो, कारण दादांनी सगळी नोकरी दारोदार विजेचे मीटर वाचण्यात काढली. कागदावर टीएसएच म्हणून एक ओळ होती. तिची हद्द साधारण चारच्या आसपास संपते, आणि माझा आकडा होता शेहेचाळीस, जाड ठशात. तुम्ही पाच मिनिटांत निकाल दिलात की आकडा मोठा म्हणजे वापर जास्त, हिचं थायरॉईड भरधाव सुटलं आहे, हिला थंड ठेवा, दगदग देऊ नका, खाणं हलकं करा. त्याच्या खालच्या ओळीत टी-फोर नावाचा आकडा हद्दीच्या पार खाली होता, तो यांनी तुम्हाला विचारला, तर तुम्ही म्हणालात की तो छापणाऱ्याच्या हातून चुकला असेल. (दादा, यावर मी काही बोलत नाही. बोलले असते, पण वहिनी हे पत्र मोठ्याने वाचून दाखवणार आहेत.)

झालं! दादांचा शब्द म्हणजे घरात कायदा. पंखा पूर्ण वेगाने माझ्या डोक्यावर. गार पाण्याची आंघोळ. सासूबाई माझ्या खोलीची खिडकी उघडी राहते की नाही यावर जातीने पहारा ठेवून. मी दोन स्वेटर, मोजे आणि कानटोपी घालून पंख्याखाली बसलेली, आणि समोर आमचे हे बनियनवर बसून विचारतायत, आता बरं वाटतंय का? मला दातांवर दात आपटत असल्यामुळे उत्तर देता येईना, आणि त्यांना वाटलं मी मान डोलावतेय. असा पंधरवडा काढल्यावर एके दिवशी घोषणा करताना मी जिभेला गाडीचं नावच आठवून देऊ शकले नाही. नुसती कर्ण्यातून खरखर. तेव्हा मात्र मी तशीच उठले आणि तो कागद घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेले. तुम्हाला न विचारता गेले, हे आत्ता सांगते आहे.

बाई तरुण, पण चौकस. (मला चौकस माणसं आवडतात. दिवसभर चौकशीच्याच खिडकीत बसते ना.) त्यांनी आधी कागद बाजूला ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. गळा चाचपला, पाण्याचा घोट गिळायला लावला, नाडी मोजली आणि ती फारच निवांत चालली आहे म्हणाल्या. मग मला खुर्चीवर गुडघे टेकायला लावून टाचेच्या मागच्या शिरेवर रबरी हातोडी मारली. पाय उडाला, दादा, पण परत येताना असा रेंगाळत आला की मलाच त्याची दया आली. बाई म्हणाल्या, बघा, कागदाच्या आधी तुमच्या पायाने सांगितलं. मी घरी येऊन सगळ्यांच्या टाचांवर लाटणं मारून पाहिलं. बाकीच्यांचे पाय ताबडतोब परत आले, आणि सासूबाईंचा तर लाटण्यासकट.

मग मी विचारलं की आकडा एवढा मोठा आणि मी इतकी मंद, हे कसं? तेव्हा त्यांनी सांगितलं आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. टीएसएच हे थायरॉईडचं काम मोजणारं मीटरच नाही! थायरॉईडची ग्रंथी गळ्यात असते. टीएसएच मेंदूच्या तळाशी बसलेल्या, वाटाण्याएवढ्या दुसऱ्याच एका ग्रंथीतून येतं, आणि ते म्हणजे नुसती हाक असते. गळ्यातलीने माल पाठवला की हाक हळू होते, माल आला नाही की हाक वाढते. अहो दादा, म्हणजे ही तर माझीच नोकरी! गाडी वेळेवर आली तर मी एकदा पुकारते आणि गप्प बसते. गाडी येत नाही तेव्हा मी दर थोड्या वेळाने पुकारत राहते, थोड्याच वेळात येत आहे, थोड्याच वेळात येत आहे. माझ्या घोषणा मोजून कुणी म्हणालं की आज स्थानकावर गाड्यांची नुसती रीघ लागली आहे, तर त्याला काय म्हणाल? शेहेचाळीस म्हणजे माझ्या मेंदूतली बाई घसा फोडून पुकारत होती. टी-फोर म्हणजे प्रत्यक्षात आलेल्या गाड्या, आणि त्या जवळजवळ नव्हत्याच. छापणाऱ्याचं काही चुकलं नव्हतं.

मला कुठे राहवतंय! मी विचारलं, आणि पुकारणारी बाईच झोपली तर? (हा प्रश्न मी का विचारला ते तुम्हाला कळलंच असेल.) बाई हसल्या, पण म्हणाल्या, तसंही होतं, क्वचित, तेव्हा गाडी नसते आणि हाकही नसते, म्हणून नुसत्या हाकेवर भरवसा ठेवायचा नाही, दोन्ही आकडे शेजारी ठेवून पाहायचे. आणि हाक जराशीच वाढलेली असेल पण गाड्या नीट येत असतील, तर पुष्कळदा काही महिन्यांनी पुन्हा तपासून मग ठरवतात. एवढीशी ग्रंथी, फुलपाखराच्या आकाराची म्हणे, आणि केस, टाचा, पोट, आठवण, आवाज, मनाचा उत्साह, सगळ्यांचा वेग तिच्या हातात! मी आळशी नव्हते, दादा. हे ऐकून मला त्यांच्या खोलीतच रडू आलं, आणि या खेपेला नळ सोडायची गरज पडली नाही.

आता रोज सकाळी उठल्याबरोबर रिकाम्या पोटी एक इवलीशी गोळी, नुसत्या पाण्याबरोबर, आणि चहा त्यानंतर चांगला वेळ जाऊ देऊन. (चहाची वाट पाहत बसणे, याला मी दुखण्याचाच भाग धरते.) कॅल्शियमची गोळी तिच्या जवळपास फिरकू द्यायची नाही. सहा-आठ आठवड्यांनी पुन्हा रक्त, मग मात्रा कमी-जास्त करायची ती त्यांनी, आम्ही नाही आणि तुम्हीही नाही. पहिले काही दिवस काहीच घडलं नाही आणि मी फार रुसले. मग एका सकाळी लक्षात आलं की मी स्वेटर न घालताच भांडी घासते आहे. दुसऱ्या तपासणीत हाक शेहेचाळीसवरून अकरावर आली आहे. आवाज अजून पुरता वर चढलेला नाही, अर्ध्या जिन्यावर उभा आहे, पण साहेबांनी काल मला सकाळच्या पाळीला पुन्हा माईक दिला. मी पहिली गाडी पुकारली तेव्हा ते पेन्शनर गृहस्थ काचेशी आले आणि म्हणाले, आलात का बाई, मधे एक फार वाईट माणूस ठेवला होता हो यांनी. मी म्हटलं, ऐकून आहे.

वहिनींना माझा नमस्कार सांगा आणि कुंड्यांना चहा देऊ नका. जो अर्ध्या जिन्यावर पोचला आहे त्याच आवाजात तुमची रोज आठवण काढणारी,

तुमची धाकटी

ता. क. सासूबाई आता जांभई देणाऱ्या प्रत्येकाला थायरॉईड ठरवतात. दूधवाला सकाळी उशिरा आला, तर त्याचा गळा चाचपायला निघाल्या होत्या. मी त्यांना समजावलं की दमलेला प्रत्येक माणूस त्यातला नसतो, म्हणूनच तपासावं लागतं.

ता. क. दुसरा. आता विनंती. रविवारी फोनवर मी तुम्हाला सांगितलं की तुमचा निकाल साफ चुकला. मी भांडणाच्या तयारीने पदर खोचून उभी होते. तुम्ही म्हणालात, "असेल." एवढंच. दादा, जन्मात तुम्ही मला कधी "असेल" म्हणाला नाहीत. आणि ते ज्या आवाजात म्हणालात तो मी ओळखते, मी वर्षभर त्याच आवाजात गाड्या पुकारल्या आहेत. मग वहिनींनी फोन घेतला आणि मागच्या खोलीत जाऊन सगळं सांगितलं. तुमची उकाड्यातली शाल, सुजलेले डोळे, कॅरमला न जाणं, दुपारी झोपून संध्याकाळी पुन्हा झोपणं, आणि विचारलं की वय झालं म्हणणं. हे बायकांचं दुखणं आहे असं तुम्ही म्हणाल. बायकांना जास्त होतं, पण पुरुषांना होत नाही असं नाही, आणि एका घराण्यात फिरतंही. मी विचारून घेतलं आहे. कदाचित काहीही निघणार नाही, मग तुम्ही मला वर्षभर टोमणे मारा, मी एकेक ऐकून घेईन. पण मला फार भीती वाटते आहे, दादा. तुम्ही भांडत नाही हे मला सहन होत नाही.

ता. क. तिसरा. हे पत्र टपालाने आलेलं नाही, हे तुमच्या लक्षात आलं नसेल तर तेही लक्षणातच धरते. ज्या बाईंनी ते तुमच्या हातात दिलं, त्या वाचून होईपर्यंत दाराशी थांबल्या आहेत. वहिनींनी त्यांच्यासाठी खुर्ची आणि तुमच्या हाताखाली घ्यायला उशी कधीच काढून ठेवली आहे. त्यांच्या पिशवीत रक्त काढायची सुई आहे. बाही वर करा.