सेव्विकच्या नौकेतले आमचे वल्हे

सेव्विक, ३ जून १९७४

चि. एल्ना हीस थोरल्या भावाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

येथील सर्व क्षेम. माझा खुबा तेवढा अपवाद. डॉक्टरांनी वल्हविण्यास सक्त मनाई केली आहे. वाडवडिलांना चर्चला नेणारी आपली चर्चनौका या मध्यग्रीष्माच्या सणाला तुमच्या ओस्बीशी होणाऱ्या शर्यतीसाठी पाण्यात उतरली नाही, तर ती संग्रहालयास देऊन टाकावी, असे ग्रामसभेने ठरविले आहे. ज्या घराण्याचे वल्हे त्याच घराण्याने मारावे आणि एकही जागा रिकामी असता नौका निघू नये, हा आपला दंडक तू जाणतेसच. तरी माझ्या जागी तुझ्या मुलास, स्तूरेस धाडावे.

माझ्या ग्रामेतिहासाचे पहिले प्रकरण सोबत जोडले आहे. वाचून परत करावे. कॉफीचे डाग नसावेत.

तुझा दादा,
वाल्फ्रिद

ओस्बी, ९ जून

ती. दादांस पलीकडच्या काठावरून शिरसाष्टांग नमस्कार.

स्तूरे बापाच्या घराण्याचा. तो ओस्बीच्याच नौकेत बसणार. मीच येते. बाईमाणूस कसे, असे विचारू नका. पुरुष कामाला शहरात जात, तेव्हा आईनेच ते वल्हे मारले होते. आमचे हेल्मर घुश्श्यात आहेत. बायकोच विरुद्ध वल्हवणार, लोक काय म्हणतील, म्हणे! मी म्हटले, लोक म्हणतील की हेल्मर हरला.

एक अट मात्र आहे. ‘सरोवर कालांतराने मागे हटले,’ असे तुम्ही लिहिलेत. दादा, सरोवराला पाय फुटले होते काय? गवताला जमीन हवी म्हणून आजोबांनी चर खणून पाणी सोडून दिले आणि आपलेच नौकाघर कुरणात कोरडे पाडले. म्हणून तर दरवर्षी नौका गवतातून ओढत न्यावी लागते! खरे लिहा, तरच येईन.

माया काठोकाठ असू द्यावी.

आपली धाकटी,
एल्ना

सेव्विक, २५ जून

चि. एल्ना हीस विजयी घराण्याचे आशीर्वाद.

तू विसरलेले हातमोजे पाठवीत आहे. हेल्मररावांचा राग निवळला असावा. तुझ्याकडे पाहता पाहता त्यांचे वल्हे शेजाऱ्याच्या वल्ह्यात अडकले आणि ओस्बीची नौका जागीच गरगरली, हे मी काठावरून स्वतः पाहिले. संग्रहालयास नकार कळविला आहे.

तारेने मान्य केलेली अट पाळली आहे. आजोबांच्या तसबिरीसमोर लेखणी वारंवार थबकली. अखेर तसबीर भिंतीकडे वळविली. आता वाक्य असे आहे : ‘सरोवर आजोबांनी घालविले, नौका एल्नाने राखली.’ यात मी एकही शब्द बदलणार नाही.

आपला लोभ त्या चरातून वाहून जाऊ नये, ही इच्छा.

तुझा दादा,
वाल्फ्रिद