इब्राहिमची ओझरची खोली

९ फेब्रुवारी, रविवार

वही, रागावू नकोस. संक्रांतीनंतर तुला हात लावला नाही, माझी चूक. लिहायला काही नव्हतं असं नाही. लिहायची लाज वाटत होती.

शेजारच्या इब्राहिमच्या पोरानं, झीशाननं, ओझरला घर बांधलं. तिथल्या विमानांच्या कारखान्यात लागून सहा वर्षं झाली नाहीत — आणि घर! खाली बापाला वेगळी खोली. खोलीला लागूनच संडास, तोही कमोडचा. जिना चढायला नको.

इब्राहिमनंच सांगितलं, थांब्यावर. एकाच कंपनीत आम्ही तीस वर्षं काढली, तो टर्नर, मी फिटर. सातपूरला खोल्याही शेजारी, मधे एक भिंत. रिटायर होऊन अकरा वर्षं झाली तरी पहिल्या पाळीची जाग येतेच. सहाला कंपनीच्या बसथांब्यावर जाऊन बसतो. बस येते, पोरं चढतात. आम्ही एक चहा दोघांत करतो आणि घरी येतो. त्यात चढायचं नसतं, पण बस वेळेवर आली की बरं वाटतं.

"नशीब काढलंस," मी म्हटलं. तोंडानं म्हटलं.

"मी अजून हो म्हटलेलं नाही यार."

ऐटीत बोलतोय झालं! अशा खोलीला कोण नाही म्हणतो?

१० फेब्रुवारी

पुण्याला अमोलला फोन केला. म्हटलं, आमचं वय झालं, पुढं कुठं राहायचं ते बघायला हवं. "बाबा, या ना कधीही." कधीही म्हणजे कुठल्या वारी?

साळू म्हणते, "पोरगं बोलावतंय तर तुम्ही तारखा कसल्या मागता?" ती आई आहे, तिला बेडरूम मोजता येत नाहीत. एक त्यांची, एक पोरांची. आम्ही दोघं सोफ्यावर?

झीशाननं बापाला तारीख सांगितलीय. रमजानच्या आधी.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

झीशान मोटारसायकल घेऊन आला. "चाचा, अब्बांच्या बाथरूममधे धरायला स्टीलचे दांडे बसवायचेत. तुमच्या हातनं होऊ द्या."

पिशवीत ड्रिल मशीन टाकलं आणि ओळंबा टाकला. दांड्याला ओळंबा लागत नाही. मला भिंती बघायच्या होत्या.

खोलीचं दार आतून लावलं आणि चारही भिंतींना ओळंबा लावला. वाटलं, कुठं तरी पोट निघालं असेल. एक सूत फरक नाही! बाथरूममधे बादलीभर पाणी ओतलं — सगळं मुकाट जाळीकडं गेलं. तेवढ्यात वरून विमान गेलं. म्हटलं, हे बरं झालं, इब्राहिमला इथं झोप लागायची नाही! मग आठवलं. मशीनच्या आवाजानं त्याचे कान कधीच गेलेत. फोनसुद्धा ऐकू येत नाही. त्याला विमानाचं काय!

दांडे मात्र पक्के बसवले. लोंबकळून बघितलं.

१४ फेब्रुवारी

आज थांब्यावर नको ते बोलून बसलो.

"खोली कशी वाटली? खरं सांग," इब्राहिम म्हणाला. मला वाटलं, मिरवतोय. म्हटलं, "बरी आहे. आम्हीही नामपूरला चाललोय, गावाला. भावानं आमच्यासाठी दोन खोल्या काढल्यात, पुढं अंगण. मार्च लागला की निघालो."

त्याला ऐकू जावं म्हणून मोठ्यानं बोललो. चहावाल्यानंही ऐकलं.

"पक्का?"

"पक्का."

मग बस जाईपर्यंत तो रस्त्याकडंच बघत बसला. चहाही सगळा मलाच दिला. जळला असणार! वर्षभरात एवढं बरं वाटलं नव्हतं.

१५ फेब्रुवारी

बरं वाटायचं बंद झालं.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

बोललेलं खरं करायला नामपूरला जाऊन आलो, एकटाच. भारत म्हणजे धाकटा भाऊ, शेती तोच बघतो. "दादा, घर तुनंच शे!" म्हणाला आणि माझ्याच त्या घरातली खोली दाखवली. एकच. आत ठिबकच्या नळ्या, खताच्या गोण्या, फवारणीचा पंप. "कांदा काढला ना, मग मोकळी करू." कांदा काढला की तिथं काय ठेवणार, ते मला कळतं. संडास अंगणाच्या पलीकडं. खिशात ओळंबा होता, काढलाच नाही.

घरी साळू भडकली. "मला विचारलंत का? माझा गुडघा, माझा डॉक्टर, माझं भजन, सगळं इथं. जा तुम्ही, नळ्या राखत बसा."

इब्राहिमला पोरगा चांगला, भिंती सरळ, आणि बायको, हाजराभाभी, कधी आवाज चढवत नाही. एका माणसाला किती द्यायचं!

२३ फेब्रुवारी, रविवार

शेजारी सामान न्यायला टेम्पो आला. इब्राहिम गळ्यात पडला. "नामपूरला कांदा-भाकर खायला येतो," म्हणाला. खरं सांगायला मी तोंड उघडलं होतं. तेवढ्यात टेम्पोतलं नवं कपाट दिसलं, आरशाचं. तोंड मिटलं.

"ये," म्हटलं.

२४ फेब्रुवारी

एकट्याला अख्खा चहा जात नाही.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

हाजराभाभी शेजारची जुनी खोली झाडायला आलीय. विकायचीय, परवा गिऱ्हाईक बघायला येणार. चहाला आमच्याकडं बसली. साळूला म्हणाली, "झीशान सालभर मागं लागला होता. हे ऐकतच नव्हते. रंगनाथ इथं आहे तोवर मी हलणार नाही, म्हणायचे. त्या दिवशी थांब्यावरून आले आणि म्हणाले, चल, बांध सामान, तोच चाललाय. आता तिकडं सहाला उठून फाटकात बसतात. तिथून कुठली बस जाते?"

साळूनं माझ्याकडं बघितलं. मी भिंतीकडं.

तीच तारीख, दुपार

इब्राहिम, तुला फोन ऐकू येत नाही, म्हणून वहीचं हे पान फाडून भाभीच्या हाती देतोय. झीशानला मोठ्यानं वाचायला सांग. त्यालाही कळू दे. नामपूरला दोन खोल्या नाहीत. मी कुठंही जात नाही. तुझ्या खोलीवर जळलो आणि खोटं बोललो. तू तिथं राहा नाही तर परत ये, पण परवा गिऱ्हाईक यायच्या आत काय ते लवकर कळव.