खेमा हे नाव माझं

सावेडी, रविवार

प्रिय करुणा,

बारशाचे फोटो पाहिले. हे उत्तर मात्र तुला पाठवणार नाही.

गल्लोगल्ली सुजाता आणि यशोधरा असताना खेमा हे नाव मी शोधलं होतं. बुद्धांच्या संघातली थोर भिक्षुणी; अर्थ, जिला कसलंच भय नाही ती. माझ्या मुलीसाठी जपलेलं ते नाव, डॉक्टरांनी मूल होण्याची आशा सोडायला सांगितली त्या दिवशी, दवाखान्याच्या बाकावर रडताना फक्त तुला सांगितलं.

आणि परवा देवळालीत पाळण्यापाशी हसत म्हणालीस, "ताई, तुमचं नाव वाया जायला नको, म्हणून हिला ठेवतोय. आत्या तुमीच, कानात तुमीच सांगा."

वाया! माझा भाऊ नेलास, पदरात मुलगी पडली, आता नावसुद्धा तुलाच?

मी वाकले. बायका 'कुर्रर्र' करत माझ्या पाठीत धपाटे घालत होत्या. पोरीनं माझं बोट घट्ट धरलं. मी तिच्या कानाशी ओठ नेले आणि गप्प राहिले. मग उठून सगळ्यांना मोठ्यानं सांगितलं, "खेमा!"

मारा खुशाल हाका. आत्यानं कानात द्यायचं नाव मी तिला दिलेलंच नाही. ते अजून माझ्याकडेच आहे.

खेमाची आई