बदलीचे रक्त

१२ ऑगस्ट
वाल्दिव्हिनोच्या छातीतल्या यंत्राने आज पुन्हा झटका दिला — भर बसथांब्यावर, मक्याचा गरम पामोन्या खाताना! हृदय बेताल धावू लागले की हे यंत्र विजेचा तडाखा देऊन त्यास शिस्त लावते. बंधुराज उताणे पडले, पामोन्या मात्र हातातून सुटू दिला नाही. इस्पितळात मला पाहताच म्हणाला, "ताई, अख्ख्या गोयानियात फुकट वीज मिळणारा मीच एकटा!"

मी हसले. प्रस्तुत लेखिका नोंदणी कार्यालयात दस्तऐवजांचे मसुदे रचते. गांभीर्य हा तिचा व्यवसाय आहे. घरी आल्यावर घास उतरला नाही.

१४ ऑगस्ट
डॉक्टर तार्सीझियोंनी निर्वाणीचे सांगितले. गोळ्यांनी वाल्दिव्हिनोचा चेहरा तेवढा निळसर झाला, हृदय मात्र तसेच बेताल. नसेतून तार घालून आतला भाग जाळून पाहिला, तेही व्यर्थ. सदरहू हृदयाच्या टोकाशी फुगा आला आहे. त्याच्या कडेच्या मेलेल्या मांसात वीज वाट चुकते आणि गोल गोल फिरते. आता छाती उघडायची, फुगा कापायचा, कड गोठवून टाकायची. न केल्यास? "एखाद्या दिवशी यंत्रही हरेल."

अट एकच. नातलगांनी आधी रक्तपेढीत बदलीचे रक्त भरावे, मग तारीख मिळेल. आणि वळता वळता — "तुम्ही सख्ख्या बहीण ना? एकाच घरात वाढलात? मग तुमचीही तपासणी करून घ्या."

"अवश्य!" मी म्हणाले. इतक्या भारदस्तपणे, की क्षणभर मलाही खरे वाटले.

१५ ऑगस्ट
एकाच घरात! कुडाच्या भिंती, वर मातीचा लिंपा, आणि फटींतून रात्री उतरणारा तो किडा. झोपलेल्याच्या तोंडावर बसून चावतो, म्हणून त्याचे नाव न्हावी; वाल्दिव्हिनोच्या हृदयाचा हा आजार त्याच्याचकडून रक्तात शिरतो आणि वर्षानुवर्षे गुपचूप बसतो. खाट एकच. वाल्दिव्हिनोला भिंतीवरच्या सावल्यांचे भय, म्हणून भिंतीकडे मी. किड्याने मला आदरपूर्वक ओलांडून त्यालाच तेवढे गाठले, ही उपपत्ती कोणत्याही न्यायालयात टिकणार नाही.

तपासणी नाही, तर आजार नाही. सिद्धान्त सुबक आहे. फक्त झोप येऊ देत नाही.

१८ ऑगस्ट
रक्तपेढीत गेले. खिडकीतल्या बाईने मान वर न करता विचारले, "मातीच्या घरात राहिलात का कधी? न्हावी चावलाय?"

मागे रांग. "क्षमस्व! कार्यालयाची तिजोरी उघडी राहिली!" — आणि निघाले. पलायनास प्रस्थान म्हटल्याने ते पलायनच राहते.

कोपऱ्यावर उभ्याउभ्या चीजचे गरम पाव खाल्ले. भूक नव्हती. लाज होती.

१९ ऑगस्ट
"भरलंस रक्त?" वाल्दिव्हिनोने विचारले.

"रक्तदाब जास्त निघाला."

"बरं झालं! तुझं रक्त चढलं असतं, तर शुद्धीवर आल्या आल्या मी 'उपरोक्त, सदरहू' करत बसलो असतो."

शेजारच्या खाटेवरचा म्हातारा खोकला येईस्तोवर हसला. मग वाल्दिव्हिनो हळूच म्हणाला, "ट्रकवाले दोस्त देतायत गं. एकच जण कमी पडतोय. बघ ना कुणी मिळतंय का."

आयुष्यभर याने माझ्याकडे काही मागितले नव्हते. आणि मी त्याला रक्तदाब दिला!

२० ऑगस्ट
तोडगा सापडला. रायसा! माझी कन्या इथल्याच सिमेंटमध्ये जन्मली, इथेच वाढली. न्हावी तिने चित्रातही पाहिला नसेल. आमच्या गावचे सगळे असेच करतात — पेढीत पाठवायची ती शहरात जन्मलेली पोरे. मातीचा आजार मातीपाशी राहतो.

"तू का नाही जात?"

"माझे रक्त वार्धक्याने घट्ट झाले आहे."

"आई, पन्नाशीसुद्धा झाली नाही तुझी."

"मामासाठी जा, बाळ."

दारात थांबून म्हणाली, "तुला खरंच काही होत नाही ना?"

"मला केवळ अलंकारांचा विकार आहे," मी म्हणाले.

ती हसत गेली. मी तिच्या मागे दार लावले आणि तिथेच उभी राहिले. आपल्या जागी लेकीला पाठवणाऱ्या स्त्रीस काय म्हणावे? इतक्या दस्तऐवजांतून शब्द सापडला नाही.

२२ ऑगस्ट
तारीख मिळाली. बुधवार.

२७ ऑगस्ट
सकाळपासून बाकावर. रायसा माझ्या खांद्यावर झोपली होती. कोपराच्या खळगीत सुईचा डाग अजून पिवळा. तिकडे पाहवेना, म्हणून भिंतीवरची सूचना वाचत बसले. व्याकरणाच्या चुका काढल्या.

संध्याकाळी डॉक्टर बाहेर आले. फुगा काढला, कड गोठवली. हृदय सरळ तालात चालले आहे!

रडले. कोणत्याही अलंकाराविना.

१ सप्टेंबर
वाल्दिव्हिनो उशीला टेकून बसला. म्हणतो, "भाचीच्या रक्तावर जगलो. तुझ्या जिभेवर असतो तर कधीच मेलो असतो!"

सगळे हसले. मीही. उद्या तपासणीला जाईन.

२ सप्टेंबर
गेले नाही.

५ सप्टेंबर
रायसाला पेढीत बोलावले होते. परत आली ती चप्पल न काढताच घरात आली. तिचे रक्त त्यांनी फेकून दिले. तिला तोच आजार आहे. तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पोटात असतानाच आईकडून आला असणार. वेळीच कळते तर तान्हेपणीच बरा झाला असता.

मी उठले, अनवाणीच तिच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"पायात काहीतरी घाल, आई," ती म्हणाली. "तपासणीची खिडकी चारला बंद होते."