कमरपट्ट्याची गाठ

प्रिय मुबोरकशो,

या अली मदद. तुझ्याकडे खोरोगला निघालेल्या ड्रायव्हरबरोबर हे पत्र आणि तुझ्या अंगणातली वाळवलेली तुती पाठवतोय. झाड अजून आळशीच आहे, सगळ्या गावानंतर पिकतं.

परवा तुझी लेक निसोरमो आली. कड्यापलीकडच्या रानबकऱ्यांची मोजणी करायचं काम तिला मिळालंय. मिठाचा चहा पिऊन झाल्यावर तिने तुझा जुना कमरपट्टा चुलीजवळच्या फळीवर, माझ्यापुढे ठेवला. "काका, बाबा म्हणाले, कड्यावर जायचं तर दावलतकाकाच्याच पट्ट्याला बांधून जा. गाठही त्यालाच मारू दे." माझी बायको हसली, "पोरी, याला छपरावर चढताना धाप लागते." "मग मी ओढीन त्यांना, काकू," निसोरमो म्हणाली. आपल्याकडे पुढ्यातला पट्टा उचलला की त्या माणसाचा जीव आपल्या अंगावर घेतला. मी उचलला नाही. थांब म्हणालो, आणि काल पहाटे एकटाच वर गेलो.

खडक थंडगार होते. तुझ्या आजोबांनी शिकवल्याप्रमाणे प्रत्येक दगडाला हात लावण्याआधी मौलाचं नाव घेत होतो, म्हणून चाल संथ होती. ऊन आल्यावर दगड हळूहळू कोमट झाले, भट्टीतून काढून ठेवलेल्या भाकरीसारखे. जिथे कडा घोड्याच्या पाठीएवढा अरुंद होतो, तिथे दोन्हीकडे पाय सोडून मी कितीतरी वेळ बसलो. खाली ढग, ढगांखाली कुठेतरी नदी. समोरच्या कपारीतून एक बकरी माझ्याकडे बघत होती. मला वाटलं, मी बाविशीतलाच आहे, पुढे तू बेसूर गातोयस, आणि आपण अजून काळ्या दाताच्या सुळक्यापाशी पोचलेलोच नाही.

पण पोचलो. तो सुळका तसाच आहे. तू घसरलास ती घळ आता दगडांनी निम्मी भरलीय. मी तिथे कपाळ टेकलं. नंतर खिंडीतल्या ओस्तोनापाशी, त्या पवित्र थानावरच्या शिंगांच्या राशीजवळ अर्धी भाकरी ठेवली. उतरताना गुडघे कुरकुरले, पण पाय कुठे चुकला नाही. म्हणजे तिला नेऊ शकतो. अडचण पायांची नाहीच.

घरी येऊन पट्टा न उचलता दिवाच त्याच्याजवळ धरला. कुठेही विरलेला नाही. सव्वीस वर्षं गाव म्हणतं, आपल्या पट्ट्यांची गाठ दवाने सुटली; तूही तेच सांगतोस आणि लंगडत का होईना, दर ईदला माझ्या दारात येतोस. मुबोरक, गाठ सुटली नव्हती. तू गात, हात उडवत चालला होतास. मला वाटलं, हा पडला तर मलाही घेऊन जाईल. काळ्या दाताच्या अलीकडे, तुझी पाठ वळलेली असताना, मी ती गाठ सोडली. दहा पावलांनंतर तू घसरलास.

गाठ मलाच मारू दे, हे तू काही ठाऊक नसताना म्हणालास की सगळं ठाऊक असून, हे मी काल दिवसभर त्या कड्याला विचारत होतो. आता तुला विचारतोय. हे पत्र बंद करण्याआधी निसोरमोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "बाबांचं उत्तर येईपर्यंत थांबते." पट्टा तिने परत घेतलेला नाही. चुलीजवळच्या फळीवर, तिने ठेवला तिथेच आहे.

तुझ्या उत्तराची वाट पाहणारा,
तुझाच,
दावलत